एक काना

पान ११२, वरून सहावी ओळ. ओळीत शब्द एकच: ‘पोचले.’ पेन्सिल तिथे टेकली आणि हातानं, डोक्याला न विचारता, ‘ले’च्या पुढे एक काना उभा केला. ‘पोचलो.’ समासात बारीक अक्षरात ‘लिंग?’ असं लिहिलं आणि नजर सातव्या ओळीवर गेली. सगळं मिळून दोन सेकंद. प्रूफं वाचण्यात आयुष्य गेलं की हात असाच होतो. जिना उतरताना पाय कुठे पायऱ्या मोजतात! ‘पोचले’चं ‘पोहोचले’ करायचं मात्र टाळलं, कारण पात्र मेसेजमध्ये बोलीत लिहितंय एवढं कळत होतं. एवढी बारीक गोष्ट कळली आणि मोठी कळली नाही, हे तीन आठवडे टोचतंय.

कादंबरी अजून छापून यायची आहे, त्यामुळे तिचं नाव आणि लेखिकेचं नाव सांगणार नाही. प्रूफं हातात देताना मला इतकंच सांगितलं गेलं की प्रेमकथा आहे, भाषा जरा अवघडलेली आहे, शुद्धलेखनाबरोबर वाक्यांकडेही बघा. भाषा अवघडलेली होती हे खरंच. निवेदन प्रथमपुरुषी, पण त्या ‘मी’नं काही केलंय असं वाटतच नव्हतं. मला जाग आली. खिडकी उघडली गेली. निघायला उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं, माझ्याकडून काहीतरी उत्तर दिलं गेलं. सगळं आपलं त्याच्यावर येऊन आदळतंय, आणि तो जणू पायरीवर बसून बघतोय. (‘तो’. इतर पात्रं त्याला ‘अरे’ म्हणत होती, ‘आलास का’ विचारत होती, म्हणून ‘तो’.) पहिल्या तीसेक पानांतच माझा धीर सुटला. पान ३१वर लिहिलं, ‘कर्मणी फार होतंय. वाक्यं फिरवा, कर्त्याला पुढे आणा.’ पान ३८वर ‘मला छत्रीचा विसर पडला’ या वाक्याशेजारी तर जरा खोचकच: ‘सरळ विसरलो म्हणा की!’

प्रूफं आठ दिवसांनी परत आली. लेखिकेची शाई हिरवी. वेलांट्या, उकार, जोडाक्षरं, सगळं तिनं मुकाट मान्य केलेलं. पान ३१वर, माझ्या ‘वाक्यं फिरवा’च्या खाली, तिनं लिहिलं होतं: ‘फिरवत फिरवतच इथवर आलेय.’ आणि ११२वर काही स्पष्टीकरण नाही, राग नाही. माझा काना एका रेघेनं खोडलेला, ‘पोचले’च्या खाली हिरव्या टिंबांची ओळ, आणि समासात एक शब्द, ‘तसंच’. शब्दाखाली टिंबं म्हणजे दुरुस्ती रद्द, मूळचं राहू द्या. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात सभ्य खूण. तुम्ही चुकलात असं ती म्हणत नाही. माझं बरोबर होतं, एवढंच म्हणते.

मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं.

आपल्या भाषेत ‘मी’ला लिंग नाही. ‘तू’लाही नाही. सगळी चहाडी क्रियापद करतं. इंग्रजीत ‘आय वेंट’ म्हटलं की बाई गेली की बाप्या, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आपल्याकडे ‘गेलो’ नाहीतर ‘गेले’. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, ही व्याख्या आपण सगळ्यांनीच शाळेत घोकली. ती कुणाच्या गळ्याशी आवळलेली असू शकते, हे तेव्हा मनातही येण्याचं कारण नव्हतं. पण पळवाटा आहेत, आणि या निवेदिकेला त्या सगळ्या पाठ आहेत. (‘निवेदिका’. सगळे जिला पुरुष धरतात अशी ही ट्रान्स बाई.) सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ घ्यायचा: ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी दार उघडलं’. तिथे क्रियापद पत्राकडे बघतं, दाराकडे बघतं, बोलणाऱ्याकडे बघत नाही. ‘म्हणालो’ टाळायचं, ‘म्हटलं’ वापरायचं. ‘घाबरलो’च्या जागी ‘भीती वाटली’, ‘दमलो’च्या जागी ‘अंग मोडून आलं’. शिकणं, विसरणं, बोलणं ही त्यातली दगाबाज क्रियापदं. समोर कर्म असूनही मान वळवून कर्त्याकडेच बघतात. मी छत्री विसरलो, मी छत्री विसरले. म्हणून तिला छत्रीचा ‘विसर पडतो’. आणि शेजारी मी लिहिलेलं, सरळ म्हणा की. एकशे अकरा पानं ही बाई स्वतःबद्दल एकही असं वाक्य बोलत नाही ज्यातून ती बाई की पुरुष हे कळेल. खोटं बोलायचं नाही आणि खरं बोलायची सोय नाही, यातून तिची ती अवघडलेली भाषा जन्मलेली.

आणि या सगळ्यात गंमत अशी की ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्यात कुणाचंच लिंग नाही. ना बोलणाऱ्याचं, ना ऐकणाऱ्याचं. ते वाक्य तिनं पान ९०वरच म्हणून टाकलंय, जिन्यात, वीज गेलेली असताना, फार आढेवेढे न घेता. प्रेमाची कबुली सोपी गेली. ‘मी पोचले’ म्हणायला पुढची बावीस पानं लागली.

जिच्यावर प्रेम आहे ती दुसरी बाई नकाशे काढते. जमिनींचे, हद्दींचे. कादंबरीत दोघींची नावं फार उशिरा आणि फार जपून येतात, म्हणून इथे तिला नकाशेवालीच म्हणू. पहिल्या वाचनात ती मला जराशी कोरडी वाटली होती. फार बोलत नाही, लाडात येत नाही, विचारते ते सगळं कामापुरतं. दुसऱ्या वाचनात एका जागी पेन्सिल थांबली. पान ७४वर दोघी नदीच्या पुलावर उभ्या असतात, आणि मागून कुणी ओळखीचा निवेदिकेला हाक मारतो, ‘काय रे, कधी आलास?’ ती उत्तर देते, पण तिचा कठड्यावरचा हात किंचित मागे सरकतो. नकाशेवाली ते बघते. एवढंच वाक्य आहे: ‘तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.’ त्या पानानंतर नकाशेवाली तिच्याशी बोलताना ‘आलास’ म्हणत नाही, ‘दमलास’ म्हणत नाही. ‘येशील ना?’ म्हणते. ‘थांबशील थोडं?’ ‘जेवशील?’ ‘उद्या फोन करशील की मी करू?’ मागचं काही विचारायचं झालं तर ‘वाचलंस का’, ‘पाहिलंस का’, त्यापलीकडे नाही. अडतीस पानं. खात्री करायला मी एकेक वाक्य बोटाखाली धरून तपासलं, धंद्याची खोड. एकही चूक नाही. काहीही न विचारता, ‘मला कळलंय हं’ असं न सांगता, एक माणूस दुसऱ्यासाठी स्वतःचं व्याकरण बदलून घेतं आणि लेखिका त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मराठीत भविष्यकाळाला लिंग नाही, हे मला नियम म्हणून केव्हापासून माहीत होतं! पण त्याचा असा उपयोग कुणी करेल हे सुचलं नव्हतं.

आता ते ११२.

दोघींचा एक रिवाज आहे, रात्री वेगवेगळ्या दिशांना गेल्यावर घरी पोचल्याचं कळवायचं. फोन करायचा नाही, निवेदिकेला तो नको असतो. गोळ्या सुरू होऊन आठ महिने झालेत. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकानं कातडी मऊ होते, अंगाची ठेवण हळूहळू बदलते, पण वयात येताना एकदा फुटलेला आवाज त्यानं पुन्हा वर चढत नाही. तो सरावानं बसवावा लागतो, रोज, एकट्यानं, आपलंच बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकत. ऐकण्याचा तो भाग कादंबरीत चार ओळींत आहे आणि त्या चार ओळी वाचवत नाहीत. तर मेसेज. नकाशेवाली नेहमी लिहिते, ‘पोचले.’ ही नेहमी लिहिते, ‘घरी.’ क्रियापद नाहीच. त्या रात्री ती चप्पल न काढता दारातच उभी राहते आणि ‘पो’ टाइप करते. फोन लगेच तीन शब्द पुढे करतो आणि त्यात पहिला असतो ‘पोचलो’. कारण आईला, भावाला, ऑफिसात, वर्षानुवर्षं तिनं तेच लिहिलेलं. फोनला तीच आठवण. ती तो शब्द बाजूला सारते, अक्षरं एकेक करून दाबते. प, ओकार, च, ल, आणि मग मात्रा. फोन त्याच्याखाली लाल रेघ मारत नाही, याचं तिला नवल वाटतं. शब्द शुद्धच आहे की! पाठवते. उत्तर येतं: ‘बरं. झोप आता.’

बस. पुढच्या परिच्छेदात ती चप्पल काढते.

मी हा प्रसंग आता इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय, आणि दर वेळी त्या ‘बरं’पाशी थांबायला होतं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर इथे डोळ्यांत पाणी आलं असतं, ‘किती वाट पाहिली मी या शब्दाची’ वगैरे झालं असतं. नकाशेवालीला शब्द दिसला नाही असं नाही. पुढच्याच दिवशी ती पहिल्यांदा ‘आलीस?’ म्हणते, तोंडात पेन्सिल धरून, नकाशावरून मान वर न करता. पण त्या रात्री तिनं त्याचा सोहळा केला नाही. आणि फोननं लाल रेघ मारली नाही. लाल रेघ मारली ती मी.

कॉलेजात एक जण होतं. मुद्दाम ‘होतं’ असं लिहितेवेळी हात अडखळतोय, कारण मराठीत माणसाला नपुंसकलिंग लावलं की ते एक तर लेकरू होतं, नाहीतर शिवी. तर ते जे कुणी होतं ते स्वतःबद्दल कायम ‘आपण’ म्हणायचं. ‘आपण नाय येणार.’ ‘आपण काल पिक्चरला गेलो.’ ‘आपल्याला असलं जमत नाय.’ आम्हाला ती टपोरीगिरी वाटायची, नाक्यावरची ऐट. एकदा तर सगळ्यांनी मिळून पैज लावली होती की याच्या तोंडून दिवसभरात एकदा तरी ‘मी’ काढायचा. निघाला नाही. ‘आपण गेलो’ हे रूप बाईलाही तेच आणि पुरुषालाही तेच, ‘आम्ही आलो’सारखं, अनेकवचनात प्रथमपुरुषाचं क्रियापद चौकशी करत नाही. त्या व्यक्तीच्या मनात असलं काही होतं का, मला माहीत नाही. असेल, नसेल, कदाचित खरोखरच नुसती ऐट असेल. आता विचारायला पत्ता नाही, आणि पत्ता असता तरी काय विचारणार? पण ती पैज आठवली की पान ३८वरचा माझा शेरा आठवतो. सरळ म्हणा की.

वाद घालायचाच तर घालता येईल की मराठी कान इतका कडक मुळात नाही. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं बिनदिक्कत म्हणतात, आणि त्यांच्या बाईपणाला त्यानं तसूभरही धक्का लागत नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणी बाईच्या आवाजात आहेत, पुरुष शाहिरांनी लिहिलेल्या कितीतरी लावण्यांत बोलणारी बाईच आहे; आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय, समासात ‘लिंग?’ असं कुणी लिहिलेलं नाही. जुन्या पुस्तकांत तर बाईच्या ‘मी गेलें’वर अनुस्वार असे, ‘ते गेले’पासून ते रूप त्यानं वेगळं दिसे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि डोक्यावरचं ते टिंब गेलं म्हणून कुणाची ओळख पुसली नाही. हे सगळं खरं. पण त्यातून माझी सुटका होत नाही, कारण तिथे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की बोलणारं कोण. कवी त्या विरहिणीत शिरतो आणि अभंग संपला की परत येतो. हिला परत यायचं नाहीये.

दुसऱ्या भाषांतल्या लेखकांनीही या दाराशी खटपट केली आहे. जेनेट विंटरसनच्या ‘रिटन ऑन द बॉडी’मध्ये, १९९२ सालच्या, निवेदक प्रेमात आकंठ बुडालेला आहे आणि तो बाई आहे की पुरुष हे शेवटपर्यंत कळत नाही. (बघा, ‘बुडालेला’. मराठीत त्या पुस्तकाबद्दल एक वाक्य लिहायचं तर पहिल्याच विशेषणात फजिती.) इंग्रजीत ते तुलनेनं सोपं. आन गारेतानं १९८६मध्ये ‘स्फिंक्स’ लिहिली ती फ्रेंचमध्ये, जिथे विशेषणं आणि काही भूतकाळी रूपं आपल्यासारखीच चहाडखोर आहेत, आणि तिनं प्रेम करणारा आणि प्रेमपात्र दोघांचंही लिंग झाकून ठेवलं. काळ निवडून, विशेषणं गाळून. कसरत म्हणून थोरच. पण या हस्तलिखिताशी ताडून पाहिलं की फरक कळतो. तिथे लपवणं हा लेखकाचा खेळ आहे. वाचकानं ओळखायचं नाही, ओळखावंसं का वाटतं हे स्वतःला विचारायचं. इथे लपवणं हे पात्राचं रोजचं जगणं आहे. खेळ संपावा म्हणून ती तळमळते. तिला लिंग नको असं नाहीच. तिला ‘ले’ हवा आहे. साधा, सगळ्या बायकांना फुकट मिळतो तो.

या कादंबरीत आरशाचा प्रसंग नाही. ट्रान्स पात्र म्हटलं की लेखकाला तो हमखास सुचतो: आरसा, अश्रू, लिपस्टिक. दवाखाना आहे, पण रांगेपुरता, हातातल्या फायलीपुरता. त्या फायलीवरून डॉक्टर एकदा सांगतात की हे आता मानसिक विकारांत मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या नव्या यादीत, आयसीडी-११मध्ये, तो विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला आणि २०२२पासून ती यादी लागू झाली. निवेदिका मनात म्हणते, म्हणजे माझं प्रकरण बदललं. मला, पानं इकडची तिकडे हलवण्यात हयात गेलेल्या माणसाला, ते वाक्य फार आवडलं. बाकी तिच्या शरीराबद्दल कुतूहल ठेवून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शृंगाराचा प्रसंग आहे, चांगला आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त वर्णन नकाशेवालीच्या बोटांना लागलेल्या शाईचं आहे.

सगळंच आवडलं असंही नाही. आईचं पत्र सात पानी आहे, त्यातली चार पानं जाहीर सभेतली वाटतात. आई अशी बोलत नाही, चळवळीतली कार्यकर्ती बोलते. ऑफिसातला एक मित्र इतका समजूतदार की त्याला कधी दातदुखी झाली नसावी. आणि शेवटाजवळ लेखिकेला धीर धरवत नाही, वाचकाला कळलं की नाही म्हणून ती पान २३०वर पुलावरचा हात पुन्हा आणते. तिथे मी ‘गरज आहे?’ असं लिहिलं होतं, आणि तिनं तो परिच्छेद काढला. म्हणजे माझं ऐकण्यासारखं होतं तिथे तिनं ऐकलं. याचा मला जरा जास्तच आनंद झाला हेही कबूल.

शेवट मात्र तिनं सोडला नाही. दोघी एकत्र राहतात. कुणी मरत नाही, कुणी देश सोडून जात नाही, कुणाचं लग्न लावून दिलं जात नाही. शेवटच्या पानावर कपाटातला कोणता कप्पा कुणाचा यावरून भांडण चाललेलं असतं. वाचून संपल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया, लाज वाटते सांगायला, ‘इतकं सोपं?’ अशी होती. अशा माणसांच्या गोष्टीचा शेवट वाईटच व्हायचा, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की सुख दिसलं की कलाकुसर कमी पडली असं वाटतं. ही सवय आकाशातून पडलेली नाही. ई. एम. फॉर्स्टरनं १९१३-१४मध्ये ‘मॉरिस’ लिहिली आणि दोन पुरुषांचं प्रेम सुखी शेवटाला नेलं, ते हट्टानं. पण पुस्तक छापलं गेलं १९७१ साली, तो गेल्यानंतर. १९२८मध्ये रॅडक्लिफ हॉलची ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ आली, जिच्यात सुखाचा लवलेश नाही, तरी इंग्लंडमधल्या न्यायालयानं ती अश्लील ठरवली. त्याच वर्षी व्हर्जिनिया वूल्फच्या ‘ऑर्लँडो’चा नायक झोपेतून उठतो तो बाई होऊन, आणि त्या पुस्तकावर कुणी खटला भरला नाही, काल्पनिका म्हटल्यावर चालतं. खरीखुरी बाई, कपाटाच्या कप्प्यावरून भांडणारी, सुखी, हे कुठल्याच खणात बसत नव्हतं. मी ‘इतकं सोपं?’ समासात लिहिलं नाही, एवढी बुद्धी त्या वेळी झाली. नाहीतर त्याच्याखालीही हिरवी टिंबं आली असती.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं, आपणही त्या एकशे अकरा पानांसारखं लिहून बघायचं. इथवर मला तुम्ही बाई धरलंत की पुरुष, ठाऊक नाही. लिहिताना मात्र पदोपदी कळत गेलं की हे काय काम आहे. साधं कुठे जाण्याचं, बसण्याचं, उठण्याचं वाक्य लिहिता येत नाही. मतं मांडायची तरी ‘मला वाटतं’च्या आडूनच. दोन ठिकाणी तर चांगली वाक्यं सुचलेली टाकून द्यावी लागली, आणि एका ठिकाणी इतकं वेडंवाकडं वाक्य झालंय की दुसऱ्या कुणाच्या प्रुफात दिसलं असतं तर मी पेन्सिल उचललीच असती. ते शोधून काढायचं काम तुमचं. दोन दिवसांत मान आखडली. ती एकशे अकरा पानं असंच बोलते, आणि त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं. कागदावर नव्हे, तोंडानं, समोरचा उत्तराची वाट बघत असताना.

प्रूफं परत आली त्याच दिवशी मी लेखिकेला मेसेज केला होता: ‘पान ११२. माझी चूक झाली, माफ करा.’ तिचं उत्तर आलं, ‘असू दे.’ सभ्य प्रश्न, सभ्य उत्तर, विषय संपला. पण परवा तो मेसेज पुन्हा उघडून बघितला आणि ‘माझी चूक झाली’ हे वाक्य एखाद्या परक्यासारखं समोर आलं. चूक झाली. आपोआप. पाऊस पडावा तशी. करणारं माणूस वाक्यात कुठेच नाही. कर्त्याला पुढे आणा म्हणून शेरे मारणाऱ्यानं लिहिलेलं हे वाक्य.

रात्री साडेदहाला फोन हातात घेतला. ‘मी चु’ एवढंच टाइप झालं होतं, आणि फोननं पुढचं स्वतःच भरून टाकलं. तीन पर्याय असतात म्हणे. माझ्याकडे पहिलाच बरोबर होता. त्याला माझ्याबद्दल कधी शंका आलेली नाही, दुसरा शब्द त्यानं माझ्या हातून कधी पाहिलेलाच नाही. एक बोट लावलं, बस.

‘मी चुकले.’

दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही. सकाळी उठले तेव्हा आलेलं होतं: ‘पान २०७, खालून चौथी ओळ, एक वेलांटी राहिलीये. बघाल का?’

बघितली. राहिली होती.